फौजीचा बायोडाटा वाचता यायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते. कापायचं झालं तर कुठेही कापा, फक्त मधला तो स्टॉक रजिस्टरचा भाग तेवढा ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी २२ वर्षं एका सेवाभावी संस्थेत होते. आधी फिल्डवर, मग ऑफिसात, आणि शेवटची बरीच वर्षं माणसं घ्यायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे जाहिरात काढायची, बायोडाटे चाळायचे, मुलाखतीला बोलवायचं, रुजू करून घ्यायचं. आता रिटायर झालेय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण माजी सैनिकांना कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवतो, टाळ्या वाजवतो, आणि तोच माणूस दोन दिवसांनी काम मागायला आला की आपल्याला एकच जागा सुचते, गेटवरची. मलासुद्धा तीच सुचली होती, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

झालं असं की आम्हाला आपत्तीच्या वेळच्या मदत साहित्याचं गोडाऊन सांभाळायला माणूस हवा होता. जाहिरातीत आम्ही लिहिलं होतं, सप्लाय चेनचा ५ वर्षांचा अनुभव, एमबीए असल्यास प्राधान्य, टीममध्ये काम करण्याची आवड वगैरे वगैरे. त्याच आठवड्यात गेटसाठी पण एक माणूस हवा होता. बायोडाटे आले त्यात एक होता एका नायब सुभेदार साहेबांचा. एक पानाचा, सगळा कॅपिटल अक्षरात टाइप केलेला, वर आर्मी नंबर, मग युनिट, मग केलेले कोर्स, आणि कोर्सची नावं अशी की मला एक अक्षर कळेना, मग सेवा २६ वर्षं, चारित्र्य एक्झेम्प्लरी, छंद व्हॉलीबॉल. मी तो कागद अर्धा मिनिट पण बघितला नसेल. सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात टाकला.

ते मुलाखतीला आले ते वेळेच्या २० मिनिटं आधी. मी फॉर्मॅलिटी म्हणून विचारलं, साहेब शेवटची काही वर्षं तुमच्याकडे काय काम होतं? म्हणाले, "मॅडम, विंटर स्टॉकिंग बघायचो." मी म्हटलं म्हणजे काय? तर त्यांनी सांगितलं, उंचावरची पोस्ट, बर्फ पडायला लागला की रस्ता बंद, पाच सहा महिने गाडी येत नाही. मग रस्ता उघडा आहे तोवर अख्ख्या हिवाळ्याचं सगळं वर चढवून ठेवायचं, रेशन, रॉकेल, औषधं, बॅटऱ्या, बूट, स्ट्रेचर, सगळं. आधी ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे कंपनीचं सामान सांभाळणारे, नंतर बढती मिळून जेसीओ (नायब सुभेदार) झाले तरी काम तेच, फक्त माणसं वाढली. १२० माणसांचा हिशोब.

मी विचारलं हिशोब कसा ठेवायचात, तर माझ्यासमोर एक झेरॉक्सचा पाठकोरा कागद पडला होता तो त्यांनी मागितला, पट्टी नव्हती म्हणून पाकिटाच्या कडेने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. वस्तू, किती मंजूर, किती आली, तारीख कधी संपते, किती दिली, किती उरली, आणि शेवटचा रकाना शेरा. मग एक एक समजावून सांगायला लागले, ज्या मालाची तारीख आधी संपते तो पुढे लावायचा, दर आठवड्याला स्वतः हात लावून मोजायचं, कागदावरचं उरलेलं आणि रॅकवरचं उरलेलं जुळलं नाही तर त्याच दिवशी शेऱ्यात लिहायचं, दुसऱ्या दिवशी नाही. मी विचारलं, आणि कमी पडलं तर? म्हणाले, "तिथं कमी पडलं तर मागायला कुणी नसतं मॅडम. हेलिकॉप्टर येतं, पण हवामान चांगलं असेल तर. म्हणून कमी पडू द्यायचं नाही."

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. कारण आमच्या जाहिरातीत जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या पाठकोऱ्या कागदावर होतं, पाच वर्षांचं नाही तर दहा बारा वर्षांचं, आणि मी तो माणूस गेटवर उभा करायला निघाले होते. का, तर त्यांच्या बायोडाट्यात सप्लाय चेन हा शब्द नव्हता. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि मला त्यांची, पण नोकरी माझ्या हातात होती त्यामुळे नुकसान त्यांचं झालं असतं.

वॉचमनचं काम हलकं असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्याच्यावर हजारो घरं चालतात आणि ते काम नीट करणारा माणूस काय किमतीचा असतो हे ऑफिस चालवणाऱ्याला चांगलं माहीत असतं. पण ज्याला ते करायचंय त्याने करावं, ज्याला दुसरं काही येतं त्याला पण तेच एक दार दाखवायचं हे बरोबर नाही.

मुळात ही माणसं किती आहेत बघा. आपल्या देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यातले कितीतरी चाळिशीच्या आसपासचे असतात, म्हणजे सिव्हिलमधला माणूस ज्या वयात कुठे साहेब व्हायला लागतो त्या वयात यांना पेन्शन मिळते. मुलं शाळा कॉलेजात, पुढे अजून २० वर्षं काम करायची ताकद अंगात. त्यांच्यासाठी काहीच नाही असं म्हणता येणार नाही. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महानिदेशालय आहे, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत, सरकारी कंपन्यांमध्ये तर १४.५ आणि २४.५ टक्के. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला गट क च्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात, ही पण चांगली सवलत आहे.

पण आरक्षण दारापर्यंत नेतं, आत काय करायचं ते शिकवत नाही. राखीव जागा पूर्ण भरत नाहीत ही जुनी तक्रार आहे आणि त्याचं एक कारण मी जवळून बघितलंय, माणूस सेवेत असतो तेव्हा त्याला परीक्षेची तयारी करायला वेळ नसतो, बाहेर आला की फॉर्म कुठे निघाला कधी संपला ते कळत नाही, आणि घरखर्च तर पहिल्या महिन्यापासून चालू होतो, मग जे काम आठ दिवसात मिळतं ते तो धरतो. आठ दिवसात मिळतं ते सिक्युरिटीचं. महानिदेशालयाच्या यादीवरच माजी सैनिकांनी चालवलेल्या सिक्युरिटी एजन्सी असतात, म्हणजे तो रस्ता तयार आहे, रुळलेला आहे, आणि त्याने पुष्कळ लोकांची सोय झालीय. प्रश्न एवढाच आहे की सेवाभावी संस्थेत जायचा तसा रस्ता कुणी पाडलाच नाही. तिथे राखीव जागा नाहीत, यादी नाही, ओळख नाही, आणि खूप फौजींना तर अशा संस्थेत पगार मिळतो हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं ते सगळं फुकट करायचं काम असतं.

आता आमच्या संस्थेत पुढे काय झालं ते सांगते, कारण ते पण सगळं गोड नव्हतं.

मी त्यांना गोडाऊनच्या जागेसाठी पुढे केलं तर कमिटीतल्या एकांनी विचारलं, फौजी माणूस आहे, कडक असणार, महिला बचत गटांशी कसा बोलेल? दुसरे म्हणाले, घेऊ पण पगार कमी ठेवू, त्यांना पेन्शन आहेच की. हे दुसरं वाक्य मी त्यानंतर इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे. ती त्या माणसाने कमावलीय, हाडं गोठवून, घरापासून लांब राहून कमावलीय. तुमच्या गोडाऊनचं काम हे आजचं काम आहे, त्याचा पैसा वेगळा. एखाद्या बाईच्या नवऱ्याला चांगला पगार आहे म्हणून तिला कमी द्या असं आपण म्हणू का? (म्हणतात, काही ठिकाणी अजून म्हणतात, मला माहितीये, आणि ते पण तितकंच चूक आहे.) संस्थांकडे पैसा कमी असतो हे खरं आहे, मी स्वतः बजेट बसवलेत, पण मग सगळ्यांनाच कमी द्या, पेन्शन बघून कापू नका. दोन महिने यावरच गेले. शेवटी मंजूर झालं.

पहिले तीन चार महिने अवघड गेले. आमच्या मीटिंगा म्हणजे दोन दोन तास, सगळे बोलणार, एकाचं दुसऱ्याला पटणार नाही, शेवटी चहा पिऊन उठायचं आणि ठरलं काय तर पुन्हा भेटायचं ठरलं. हे साहेब वहीत मुद्दे लिहून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "मॅडम, मग ऑर्डर काय?" सुरुवातीला आमची पोरं वैतागली, मग हळूहळू आमच्या लक्षात आलं की प्रश्न बरोबर आहे, आणि मीटिंग संपताना कोण काय कधीपर्यंत करणार हे फळ्यावर लिहायची सवय आम्हाला त्यांच्यामुळे लागली.

पण त्यांचंही चुकलं. एकदा वाटपाच्या वेळी एक कॉलेजचा मुलगा, व्हॉलंटियर, उशिरा आला तर त्याच्यावर सगळ्यांसमोर असे ओरडले की तो मुलगा पुन्हा आलाच नाही. मी बोलावून सांगितलं, साहेब इथे तो पगारी नाही, मनाने येतो, तसाच मनाने जातो. ते गप्प बसले थोडा वेळ आणि मग म्हणाले मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं! २६ वर्षं ज्या माणसाला हुकूम घ्यायची आणि द्यायची सवय, त्याला आम्ही पहिल्या दिवशी गोडाऊनची किल्ली दिली आणि म्हटलं लागा कामाला. नवीन रिक्रूट भरती झाला की सैन्य त्याला कित्येक महिने ट्रेनिंग देऊन मग युनिटला पाठवतं. आम्ही एक दिवस पण दिला नव्हता. ते त्या मुलाच्या घरी गेले होते नंतर, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

गावात पण तेच. त्यांना वाटायचं सांगितलं की लोक रांगेत उभे राहतील. लोक नाही राहत. लोक आधी भांडतात, विचारतात त्याला का आणि मला का नाही, मग ऐकतात. हे शिकायला त्यांना वर्ष लागलं, आणि आमच्यातल्या एका जुन्या फिल्ड वर्कर ताई होत्या, त्यांनी ते शिकवलं, बरोबर नेऊन नेऊन. ताई बोलायच्या, साहेब बघायचे. मला वाटतं त्या ताई नसत्या तर ते सहा महिन्यात सोडून गेले असते आणि आम्ही म्हटलं असतं, बघा, फौजी माणूस आपल्यात टिकत नाही.

मग पूर आला. सगळीकडून ट्रक यायला लागले, कुणी कपडे पाठवतंय कुणी पाण्याच्या बाटल्या, एकाच गावात चार ट्रक आणि पलीकडच्या वस्तीत काही नाही, नेहमीचंच. साहेबांनी पहिला दिवस एकही ट्रक सोडला नाही. आम्ही चिडलो, लोक उपाशी आहेत आणि तुम्ही काय करताय. त्यांनी दोन दोन पोरांच्या जोड्या मोटरसायकलवर पुढे पाठवल्या, कुठे रस्ता आहे, किती घरं आहेत, तान्ही बाळं किती, आजारी किती, कोणती औषधं लागतात, एवढंच लिहून आणा. संध्याकाळी याद्या आल्या, रात्रभर किट बांधले, पहाटे गाड्या निघाल्या त्या थेट त्या त्या वस्तीवर. घरामागे एक कुपन, किट दिलं की रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा. पुढच्या वर्षी ऑडिटर आले तेव्हा तेच सात रकान्यांचं रजिस्टर समोर ठेवलं, एक शंका निघाली नाही. ज्यांनी संस्थेत काम केलंय त्यांना कळेल मी काय सांगतेय ते, पुराच्या वाटपाचा हिशोब एका फटक्यात जुळणं म्हणजे काय असतं.

हे काही एकट्या माणसाचं कौतुक नाही. ही ताकद सैन्यातून येणाऱ्या कितीतरी लोकांत असते, फक्त तिला नावं वेगळी आहेत. प्लाटून हवालदार लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हा माणूस तीसेक जणांची रोजची ड्युटी, रजा, तब्येत, घरची अडचण, सगळं बघत होता. नर्सिंग असिस्टंट लिहिलेलं असतं तो जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे जखमी सांभाळून खाली आणलेला माणूस असतो, दुर्गम भागातल्या आरोग्य प्रकल्पाला अजून काय हवं असतं? ट्रेनिंग सेंटरमधला इन्स्ट्रक्टर म्हणजे ज्याने वेगवेगळ्या राज्यातून आलेल्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या अठरा वीस वर्षांच्या पोरांना काही महिन्यात एकत्र काम करायला शिकवलं. आम्ही युवक शिबिरांसाठी असे ट्रेनर शोधत फिरायचो आणि ते मिळत नाहीत म्हणून रडायचो.

आणि हे होऊ शकतं याचे दाखले पण आहेत. अण्णा हजारे सैन्यात ट्रक चालवायचे, १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात हल्ल्यातून वाचले, नोकरी सोडून राळेगणसिद्धीला आले आणि पाणी अडवायचं काम गावाला बरोबर घेऊन उभं केलं, १९९२ ला त्यांना पद्मभूषण मिळालं. नंतरच्या आंदोलनांबद्दल कुणाचं काही मत असो, राळेगणचं पाणलोटाचं काम कुणी नाकारत नाही. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढले आणि त्याच वर्षी युद्धात मणक्याला गोळी लागून आयुष्यभरासाठी व्हीलचेअरवर आले, त्यांनी दिल्लीत मणक्याच्या रुग्णांसाठी इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभारलं.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते टेरिटोरियल आर्मीच्या (म्हणजे सैन्याला पूरक असलेल्या दलाच्या) इकॉलॉजिकल बटालियनचं. १९८२ साली गढवाल रायफल्सची पहिली अशी बटालियन उभी राहिली, माजी सैनिकांची, आणि चुन्याच्या खाणींनी बोडक्या झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर त्यांनी झाडं लावली. नुसती लावली नाहीत, जगवली. नंतर राजस्थानच्या वाळवंटात पण अशी बटालियन गेली. झाड जगवायला काय लागतं, रोज जाणं लागतं, मोजणं लागतं, कंटाळा न करणं लागतं, आणि हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांनाच ते काम दिलं. ही एवढी साधी गोष्ट ४० वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचली, मग शाळा, दवाखाने, पाणी, आपत्ती, याच्यासाठी का सुचू नये?

बाहेरच्या देशातलं पण थोडं सांगते. अमेरिकेने दुसरं महायुद्ध संपायच्याही आधी, जून १९४४ मध्ये, परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला, सुमारे ७८ लाख लोकांनी त्याच्यावर शिक्षण नाहीतर प्रशिक्षण घेतलं, त्यातले २२ लाख कॉलेजात गेले. त्याच वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेत माजी सैनिकांना ५ नाहीतर १० जादा गुण द्यायचा कायदा झाला. २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतल्या काही माजी सैनिकांनी एकत्र येऊन मदत नेली आणि त्यातून टीम रुबिकॉन नावाची संस्था उभी राहिली, ती आज पण आपत्तीत मुख्यतः माजी सैनिकांना घेऊन जाते. आणि मला सगळ्यात आवडलेली अमेरिकेची योजना म्हणजे स्किलब्रिज, सेवेच्या शेवटच्या जास्तीत जास्त १८० दिवसांत सैनिक बाहेरच्या एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम शिकू शकतो, पगार सैन्याचाच चालू राहतो. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे तेवढा नाही, सगळं उचलून आणता येणार नाही हे मला कळतं. पण ही शेवटची गोष्ट आणता येईल. त्याला पैसा नाही, परवानगी लागते.

मला जे म्हणायचंय ते खरं तर हेच आहे. मदत पेन्शन झाल्यावर नको, आधी हवी. शेवटचे सहा महिने. आपल्याकडे पण निवृत्तीआधी कोर्स असतात, पण कोर्समध्ये वर्ग असतो आणि फळा असतो. मी म्हणतेय ते वेगळं आहे, माणूस अजून वर्दीत आहे, पगार चालू आहे, घर चालतंय, आणि तो सहा महिने एखाद्या संस्थेत नाहीतर नगरपालिकेत नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात बसून काम बघतोय. त्याला कळेल मीटिंग कशी चालते, लोक कसे बोलतात, फाइल कशी हलते, आणि आवडलं नाही तर नाही म्हणायला वेळ पण आहे. संस्थेला कळेल हा माणूस काय चीज आहे. आमच्याकडे जे तीन चार महिने भांड्याला भांडं लागलं ते आधीच लागून गेलं असतं, आणि त्या कॉलेजच्या मुलाला पण कुणी ओरडलं नसतं.

अग्निवीरांसाठी तर हे आजच ठरवायला हवं. योजना २०२२ ला आली, चार वर्षांची सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, म्हणजे चारातले तीन तरी विशी पंचविशीत बाहेर. त्यांच्यासाठी केंद्रीय पोलीस दलात २०२२ मध्येच १० टक्के आरक्षण जाहीर झालं ते चांगलंच आहे, पण ती पुन्हा वर्दीच. तेवीस वर्षांचा शिस्त लागलेला मुलगा, त्याला शिकवून आरोग्य प्रकल्पात घ्या, पाणलोटात घ्या, आपत्ती व्यवस्थापनात घ्या, ३५ वर्षं काम करेल तो. चाळिशीच्या माणसाला बदलायला वर्ष लागलं, या मुलाला महिना पुरेल. आणि त्याला पेन्शन पण नाही, हे पगार ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सैन्यातून बाहेर पडणाऱ्या बायकांबद्दल तर कुणी बोलतच नाही. १९९२ पासून महिला अधिकारी शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी, घेतायत, मिलिटरी नर्सेस तर कितीतरी आधीपासून आहेत. त्यांचे बायोडाटे पण तसेच, नुसते कोर्स आणि नंबर. आणि जवानाची बायको, जिने नवरा सीमेवर असताना एकटीने घर, म्हातारी माणसं, मुलांच्या बदलत्या शाळा सांभाळल्या, तिच्याकडे तर बायोडाटाच नसतो.

संस्थांना माझी विनंती एवढीच की जाहिरात लिहिताना पदव्या मागण्याआधी काम लिहा. इतक्या लोकांना इतके दिवस पुरेल एवढा साठा सांभाळायचा आहे असं लिहिलं असतं तर साहेबांनी स्वतःच त्या जागेला अर्ज केला असता, माझ्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागलं नसतं. आणि नवीन माजी सैनिक घेतला की पहिलं वर्ष त्याच्याबरोबर एक जुना माणूस जोडून द्या, आमच्या ताईंसारखा. देणगी देणाऱ्या कंपन्यांनी पण याचा पगार मंजूर करावा, शिकवणाऱ्याचा वेळ फुकट धरू नये.

माजी सैनिक बंधूंना सांगणं, रागावू नका, बायोडाट्यात युनिट आणि कोर्स राहू द्या, पण त्याच्या खाली साध्या मराठीत लिहा मी रोज काय करत होतो, किती माणसं होती, किती सामान होतं, काय अडचण आली आणि ती कशी निस्तरली. लिहिताना शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या पोरीला वाचून दाखवा, तिला कळलं तर मुलाखत घेणारीला कळेल. आणि नवीन ठिकाणी रँक घेऊन जाऊ नका, माहितीये हे बोलायला सोपं आहे. आमचे साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "पेन्शनवर आल्यावर पहिले दोन महिने पहाटे पाचला उठायचो, तयार व्हायचो, आणि मग खुर्चीत बसून राहायचो, कारण फॉल इन, म्हणजे रांगेत हजर, कुठे व्हायचं तेच कळायचं नाही." त्यांच्या मिसेस शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मला रडू यायचं. पैशाची अडचण नव्हती त्यांना. कुणीतरी वाट बघतंय असं ठिकाण नव्हतं.

संपादक साहेब, आपल्याकडून एक हवंय. आठवड्यातून एकदा, कोपऱ्यात चार ओळींची जागा द्या, ज्या संस्थांना माजी सैनिक चालतील त्यांची रिकामी पदं साध्या मराठीत छापायला. छापील पेपर गावातल्या फौजीच्या हातात पडतो, वेबसाइटवरची जाहिरात पडत नाही. मजकूर निवडायचं आणि नीट लिहून द्यायचं काम मी करते, त्याचे पैसे नकोत. आणि ज्या संस्थांना असे बायोडाटे वाचता येत नाहीत त्यांच्याकडे शनिवारी येऊन बसायची माझी तयारी आहे. साहेबांशी कालच फोनवर बोलणं झालं, आता ते पण साठीला आलेत, म्हणाले मी पण येतो मॅडम, फक्त किती वाजता ते सांगा.

आपली,
एक वाचक
(नाव, पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय)